गाडीचं पासिंग: कधी करायचं, कुठे करायचं आणि गाडी नापास होऊ नये म्हणून आधी काय बघायचं

तुमच्या गाडीची नंबरप्लेट पांढरी आहे की पिवळी, एवढं आधी बघा. पासिंग कधी आणि किती वेळा करायचं, हे सगळं त्यावर ठरतं. विजेवरच्या गाडीची प्लेट हिरवी असते. तिच्यावरची अक्षरं पांढरी असतील तर गाडी खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक.

पांढऱ्या प्लेटच्या गाडीला, म्हणजे घरच्या कारला किंवा दुचाकीला, नोंदणीपासून १५ वर्षं वेगळं पासिंग लागत नाही. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, जी वैधतेची तारीख छापलेली असते ती हीच. ती संपत आली की फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण करायचं. त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते, निरीक्षक ती तपासतात आणि ठीक असेल तर आणखी ५ वर्षं मिळतात. अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो, तो याच वेळी समोर येतो. त्याची तरतूद करून ठेवा.

पिवळ्या प्लेटचं गणित वेगळं आहे. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक, बस, शाळेची व्हॅन या सगळ्यांना फिटनेस सर्टिफिकेट, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र, लागतंच. नवी गाडी पहिली २ वर्षं योग्य धरली जाते. पुढे गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ मध्ये स्पष्ट म्हटलंय की वैध फिटनेस नसेल तर त्या व्यावसायिक गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. म्हणून दंडही विनानोंदणी गाडी चालवल्याचा बसतो: पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ५,००० ते १०,००० रुपये किंवा एक वर्षापर्यंत कैद. शिवाय मुदत उलटल्यावर दिवसाला ५० रुपये जादा आकाराची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. या आकारणीवरून २०२४ मध्ये राज्यातले रिक्षा-टॅक्सीचालक रस्त्यावर उतरले होते, कारण महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीची ही रक्कम हजारोंत जाते. अपघात झाला आणि फिटनेस संपलेला निघाला, तर विमा कंपनी दावा अडवू शकते, ते आणखी वेगळं.

दोन गैरसमज मला वारंवार ऐकू येतात. पहिला: “पीयूसी आहे ना, मग झालं.” पीयूसी फक्त धुराचं प्रमाणपत्र आहे. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांच्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा रिक्षावाल्यांचा: मीटरचं पासिंग झालं म्हणजे गाडीचंही झालं. ही दोन कामं निराळी आहेत, दोन्हींची तारीख निराळी लिहून ठेवा.

केंद्र कसं शोधायचं

तुमची गाडी कोणत्या आरटीओची, हे नंबरच सांगतो. एमएच ०१ म्हणजे ताडदेव, ०२ अंधेरी, ०४ ठाणे, ०९ कोल्हापूर, १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, १५ नाशिक, ३१ नागपूर. पण कार्यालय आणि तपासणीची जागा एकच असेल असं धरून चालू नका. इथेच खूप जणांची अर्धी सकाळ वाया जाते. पुण्याचंच बघा. आरटीओचं मुख्य कार्यालय संगम पुलाजवळ आहे, पण तपासणीसाठी कुणाला आळंदी रोडला जावं लागतं, तर कुणाला थेट सासवड रस्त्यावर दिवे गावाच्या ट्रॅकवर. मुंबई उच्च न्यायालयाने ब्रेक तपासणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक असलाच पाहिजे असा आग्रह धरला, आणि शहरात एवढी मोकळी सलग जागा कुठून आणणार? म्हणून बऱ्याच ठिकाणी ट्रॅक गावाबाहेर आहेत. अपॉइंटमेंटच्या पावतीवर कार्यालयाचं नाव असतं तसं तपासणीचं ठिकाणही असतं. ते वाचूनच निघा.

आता दुसरा प्रकारही आला आहे, स्वयंचलित तपासणी केंद्र. इथे निरीक्षकाच्या नजरेऐवजी बहुतेक मोजमाप यंत्रं करतात. १ ऑक्टोबर २०२४ पासूनचा नियम असा की ज्या आरटीओच्या हद्दीत असं नोंदणीकृत केंद्र आहे, तिथे व्यावसायिक गाड्यांची तपासणी त्याच केंद्रात व्हायची. तेव्हा मागच्या वेळी जिथे गेलात तिथेच या वेळी जायचं आहे, असं समजू नका. एक गोष्ट मला या केंद्रांबद्दल मनापासून पटते: नियमाप्रमाणे त्यांना गाडीची दुरुस्ती करण्याचा किंवा गाड्या विकण्याचा धंदा करता येत नाही. गाडी नापास करून तुमच्याकडूनच दुरुस्तीचे पैसे काढायला तिथे वाव राहत नाही.

अर्ज परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा. ऑनलाइन सेवांमध्ये वाहनांशी संबंधित सेवा निवडा, राज्य महाराष्ट्र, मग गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे ५ आकडे टाका. गाडीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो नंबर जुना किंवा बंद असेल तर आधी तो बदलून घ्या, कारण पुढची सगळी वाट ओटीपीतूनच जाते. फिटनेसचा पर्याय निवडून फी भरली की तारीख घेता येते. फी गाडीच्या प्रकारावर आणि वयावर अवलंबून असते, जुन्या गाडीला जास्त. स्क्रीनवर दिसणारा आकडा हाच खरा. त्याहून जास्त कुणी मागितला तर पावती मागा. हे सगळं एजंटशिवाय होतं. पहिल्यांदा तासभर लागेल, दुसऱ्यांदा पंधरा मिनिटं.

तारीख घेताना घाई करू नका, पण उशीरही नको. शाळेच्या व्हॅन आणि बसवाले मे महिन्यात एकदम गर्दी करतात, कारण जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी पासिंग हवं असतं. तुमची गाडी शाळेची नसेल तर तो काळ टाळा. असेल तर एप्रिलमध्येच नंबर लावा.

कागदपत्रांची फाइल साधीच असते: आरसी, चालू विमा, पीयूसी, परमिट, कर भरल्याची पावती, जुनं फिटनेस सर्टिफिकेट. ई-चलान थकलं असेल तर ते आधी मिटवा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावली नसेल तर तेही काम आधीच उरका. चेसिस नंबरचा छाप लागू शकतो: नंबर कोरला आहे ती जागा फडक्याने पुसायची, पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी घासायची, आकडे पांढरे उमटतात. गंजाने किंवा रंगाच्या थराने नंबर बुजला असेल तर आधी रॉकेलच्या बोळ्याने साफ करा, ऐनवेळी खटपट नको.

पंधरा दिवस आधी घरी काय तपासायचं

दोन आठवडे यासाठी की काही निघालं तर दुरुस्तीला वेळ मिळतो. आदल्या संध्याकाळी तपासलं तर फक्त धावपळ होते.

दिवे एकट्याने तपासता येत नाहीत. संध्याकाळी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करा आणि कुणाला तरी मागे उभं करा. हेडलाइट, डिपर, पार्किंग, चारही इंडिकेटर, ब्रेक दाबल्यावर मागचे दोन्ही लाल दिवे, रिव्हर्स, नंबरप्लेटवरचा छोटा दिवा. हा शेवटचा बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. मालवाहू गाडीवरचं रेडियम उन्हाने फिकं पडलेलं असतं: पुढे पांढरं, बाजूला पिवळं, मागे लाल असं हवं. रात्री टॉर्च मारून बघा, चमकत नसेल तर बदला. रस्त्याकडेला बंद पडलेला टेम्पो मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला त्या लाल पट्टीमुळेच दिसतो.

टायरची नक्षी चारचाकीला किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकी-तीनचाकीला ०.८. पट्टी घेऊन मोजत बसायची गरज नाही. टायरच्या खाचेत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. आतली बाजूही बघा, चाक पूर्ण वळवून. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर बाहेरून नवा दिसतो आणि आतून तारा निघालेल्या असतात.

स्टिअरिंगला बोटांनी हलकेच डावी-उजवीकडे हलवा आणि पुढच्या चाकाकडे बघा. चाक हलायच्या आधी स्टिअरिंग बरंच फिरत असेल तर टाय रॉड, किंगपिन हे स्टिअरिंग आणि चाकाला जोडणारे भाग मेकॅनिकला दाखवा. बाकी काच, वायपर, हॉर्न, आरसे, दारांचे लॉक, सीट बेल्ट, फर्स्ट एड बॉक्स झटकन होतात. प्रेशर हॉर्न, काचेवरची काळी फिल्म, पुढे लावलेला लोखंडी गार्ड, हे काढून टाका. तिन्ही नियमात बसत नाहीत. बहुतेक मालवाहू आणि प्रवासी गाड्यांना ताशी ८० किलोमीटरचा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग त्यापुढे जाऊ न देणारं यंत्र, लागतो. शाळेची बस, डंपर आणि टँकर यांना त्याहून कमी, ६०. रिक्षाला तो लागत नाही.

ब्रेकबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आमचा टेम्पो ब्रेकवरच नापास झाला होता.

दुकानाचा माल आणायला घरात एक छोटा टेम्पो आहे. रस्त्यावर तो नीट थांबत होता, कुठे ओढत नव्हता. स्वयंचलित केंद्रात पुढची चाकं रोलरवर गेली, मग मागची. रोलर फिरतात, आपण ब्रेक दाबायचा, आणि प्रत्येक चाक किती जोराने अडवतंय ते यंत्र वेगळं वेगळं मोजतं. पडद्यावर मागच्या उजव्या चाकाचा आकडा भरपूर, डाव्याचा त्याच्या निम्म्याहून कमी. डावीउजवीतला एवढा फरक चालत नाही. मेकॅनिककाकांनी डावा ड्रम उघडला तेव्हा लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, ब्रेक ऑइलने भिजून काळा, चकचकीत झाला होता. व्हील सिलिंडरचं रबर फाटून ऑइल गळत होतं, थेंब थेंब, आतल्या आत, त्यामुळे जमिनीवर डाग कधी दिसलाच नाही. कोरड्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीत हे जाणवत नाही. भरल्या गाडीने पावसात घाट उतरताना जोरात ब्रेक मारावा लागला असता तर गाडी उजवीकडे फिरली असती. त्याच गाडीतून माझा भाऊ आठवड्यातून दोनदा घाट उतरायचा. तेव्हापासून पासिंगला कटकट म्हणणं मी सोडलं.

म्हणून चारही ड्रम उघडून बघायला सांगा, नुसतं ब्रेक टाइट करून घेऊ नका. ऑइलची पातळी खाली गेलेली असेल तर ते गेलं कुठे हे शोधा. हँडब्रेक लावून गाडी चढावर उभी करून बघा. ट्रॅकवर ब्रेकचा नियम असा आहे: ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने गाडी १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. मोकळ्या, सपाट, कोरड्या मैदानावर खडूच्या दोन रेघा मारून हे स्वतः करून बघता येतं. मात्र आजूबाजूला कुणी नको.

आणि एक कळकळीची विनंती. पासिंगपुरते चांगले टायर भाड्याने किंवा ओळखीतून आणायचे आणि दुसऱ्या दिवशी जुने गुळगुळीत परत चढवायचे, हा प्रकार सर्रास चालतो. कृपा करून करू नका. प्रमाणपत्र दोन वर्षांचं मिळेल, पण टायर त्याच रात्री फुटू शकतो, आणि त्या गाडीत कुणाची तरी मुलं शाळेतून घरी येत असतात. कायद्यानेही प्रमाणपत्र म्हणजे कायमचं अभय नाही. गाडी नियमांत बसत नाही असं वाटलं तर अधिकारी ते मधेच रद्द करू शकतात.

त्या दिवशी, आणि नापास झाली तर

गाडी रिकामी, धुतलेली न्या. खालून चिखल साचलेला असेल तर तपासणाऱ्याला काही दिसत नाही. टायरमध्ये हवा बरोबर भरलेली असू द्या, नाहीतर रोलरवरचे आकडे चुकतात. इंजिन गरम होईपर्यंत चालवून न्या, थंड इंजिनाचा धूर जास्त येतो. मालक स्वतः गेला तर उत्तम, निदान नेहमीचा चालक जाऊ द्या. गाडीच्या सवयी त्याला माहीत असतात.

नापास झाली तर निकालपत्रावर कारण लिहिलेलं असतं. ते हातात घेतल्याशिवाय निघू नका आणि मेकॅनिकला तोच कागद दाखवा. “ब्रेक बघून घ्या” असं मोघम सांगितलं तर तोही मोघम बघेल. स्वयंचलित केंद्रात दुरुस्तीनंतर पुन्हा चाचणीसाठी फी भरून अर्ज करता येतो, आणि निकाल चुकीचा वाटला तर अपील करायची सोयही आहे. दरम्यान ती गाडी माल किंवा माणसं घेऊन चालवू नका, फक्त गॅरेजपर्यंत न्या.

पास झाल्यावर प्रमाणपत्र पोर्टलवर येतं. एमपरिवहन किंवा डिजिलॉकर या सरकारी ॲपवर उतरवून घ्या, एक छापील प्रत गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवा. मग पुढची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा, त्या तारखेला नाही, दोन महिने आधीच्या पानावर. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आलं नसेल तर कागदाचा चिटोरा या वर्षीच्या डिसेंबरच्या पानाला टाचून ठेवा. आमच्याकडे तो सध्या तिथेच टाचलेला आहे.