एक्सपीवर वॉलपेपर आपोआप बदलायचाय? या चुका टाळा

इंदूरला रामबागेतल्या आप्पांचा संगणक अजून विंडोज एक्सपीवर चालतो. त्यांचा स्कॅनर आणि मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतच नाही. एक्सपीचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, म्हणून नेटची वायर मी कधीच काढून टाकलीय. आप्पांची फर्माईश अशी होती: 31 मे 2025 ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीला, स्क्रीनवर राजवाडा, म्हणजे इंदूरचा होळकरांचा वाडा, आपोआप झळकला पाहिजे. (बाईंची राजधानी महेश्वर, पण आप्पांना राजवाडाच हवा.) “पाच मिनिटांचं काम रे तुझं,” म्हणाले. मला दोन रविवार लागले. बेत असा: एक बॅच फाइल, म्हणजे आदेशांची यादी, तारीख बघेल आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, वॉलपेपर बदलेल.

पहिली चूक चित्राची. रजिस्ट्रीतून वॉलपेपर लावताना एक्सपीला बीएमपी फाइल लागते. जेपीजीचा पत्ता दिलात तर चित्राऐवजी नुसता रंग दिसतो. नाव बदलून शेपटीला बीएमपी लावल्यानंही भागत नाही. पेंटमध्ये उघडून 24-बिट बिटमॅप म्हणून सेव्ह करा. 1024 बाय 768 चं चित्र सव्वादोन एमबीचं होतं, होऊ द्या.

फाइलचं नाव मी हौसेनं देवनागरीत ठेवलं होतं. नोटपॅडनं बॅच फाइल एएनएसआयमध्ये, म्हणजे देवनागरी न मावणाऱ्या जुन्या लिपी-संचात, सेव्ह केली आणि ‘राजवाडा’ची झाली प्रश्नचिन्हांची रांग. नाव रोमन अक्षरांत, रिकामी जागा न सोडता ठेवा.

रजिस्ट्रीत करंट युजरखालच्या कंट्रोल पॅनल, डेस्कटॉप या जागी ‘वॉलपेपर स्टाइल’ नावाची नोंद असते. चित्र ताणून बसवायला तिथे 2 लिहायचा. पण आकडा दिसला म्हणून डी-वर्ड (संख्येचा प्रकार) करू नका, ती स्ट्रिंगच (मजकुराचा प्रकार) असते. आणि रजिस्ट्रीत लिहिणाऱ्या ‘रेग ॲड’ आदेशाला शेवटी स्लॅश एफ जोडा, नाहीतर ‘आधीचं पुसू का?’ विचारत ती काळी खिडकी तशीच ताटकळत राहते.

खरा घोळ तारखेचा. बॅच फाइलमधला डेट व्हेरिएबल तारीख रीजनल सेटिंगप्रमाणे लिहितो. माझ्या मशीनवर पहिली दोन अक्षरं ‘31’ आली, मी खूश. आप्पांचं मशीन असेंबल करणाऱ्यानं अमेरिकन सेटिंग तसंच सोडलेलं. तिथे वार आधी, मग महिना, मग दिवस. ‘31’च्या जागी शनिवारची पहिली दोन इंग्रजी अक्षरं आली असती. तारीख मग ‘डब्ल्यूएमआयसी’ला, म्हणजे संगणकाची माहिती सांगणाऱ्या आदेशाला, विचारली. ती कुठल्याही सेटिंगवर 20250531 अशीच सुरू होते, पाचव्यापासून चार अंक घेतले की 0531. एक्सपी होममध्ये हा आदेशच नाही, प्रोफेशनल लागतं. पहिल्यांदा हातानं एकदा चालवून घ्या, कारण तेव्हा तो आधी स्वतःलाच इन्स्टॉल करत बसतो.

फाइल चालवायची कुठून? शेड्युल्ड टास्कच्या, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीच्या, नादी लागू नका. आप्पांच्या खात्याला पासवर्ड नाही, आणि रिकाम्या पासवर्डवर एक्सपी टास्क चालवतच नाही. जुना ‘ॲट’ आदेश वापरलात तर काम सिस्टमच्या नावानं चालतं: नोंद बदलते, पण आप्पांच्या डेस्कटॉपची नव्हे. लॉग-इन होताच फाइल चालवणारा स्टार्टअप फोल्डर बरा, आप्पांच्याच खात्यातला.

पण स्टार्टअपची पाळी येते तेव्हा डेस्कटॉप आधीच उभा असतो. शनिवारी सकाळी सगळं बरोबर लिहिलं गेलं, चित्र जुनंच. राजवाडा दिसला रविवारी, 1 जूनला! शेवटच्या ओळीत ‘रनडीएलएल32’मधून ‘युजर32’चं ‘अपडेट पर युजर सिस्टम पॅरामीटर्स’ बोलवायला हवं होतं, म्हणजे डेस्कटॉप नवी सेटिंग लगेच वाचतो. एक्सपीवर ते बहुधा चालतं, विंडोज 7 वर भरवसा नाही.

एक राहिलंच. तारीख 0531 नसेल तर जुनं चित्र परत लावायची ओळ मी लिहिलीच नव्हती. ती ‘एल्स’ची (‘नाहीतर’ची) ओळ सगळ्यात आधी लिहा, आणि सुरुवातीला ‘रेग एक्सपोर्ट’नं जुनी सेटिंग काढून ठेवा, म्हणजे परत काय लावायचं ते हाताशी असतं.