लहान मुलांसह गडवाटा: साताऱ्यातील कुटुंबांसाठी मार्गदर्शन

साताऱ्यात राहणाऱ्या कुटुंबाला डोंगर शोधत लांब जावे लागत नाही. तरीही अनेक घरांत मुलांचा पहिला ट्रेक हाच शेवटचा ठरतो, आणि त्याचे कारण बहुधा एकच असते: किल्ला मुलांच्या पायांचा विचार करून निवडलेला नसतो, तो मोठ्यांच्या हौसेने निवडलेला असतो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, पहिल्या वर्षी नवनवे किल्ले करण्याच्या मागे न लागता घराजवळचा एकच किल्ला पुन्हा पुन्हा चढावा. वाट ओळखीची झाली की मूल स्वतः पुढचे वळण सांगू लागते, कुठे बसायचे ते ठरवते, आणि डोंगर त्याचा होतो.

असा पहिला किल्ला म्हणजे अजिंक्यतारा. शहरापासून तो सुमारे २५० ते ३०० मीटर उंच आहे आणि वरपर्यंत गाडीरस्ता असल्यामुळे मूल फारच थकले तर कोणालाही गाडी घेऊन बोलावता येते. पहिल्या काही खेपांना हा आधार फार मोलाचा असतो. पायवाटेने चढावे आणि गरज पडल्यास रस्त्याने उतरावे. दमलेल्या मुलाला ‘आता थोडेच राहिले’ असे खोटे सांगण्यापेक्षा गोष्ट सांगावी. औरंगजेबाच्या फौजेने १६९९च्या अखेरीस या गडाला वेढा घातला, किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो कित्येक महिने लढवला, आणि एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी पेरलेल्या सुरुंगाने उडालेली तटबंदी मोगलांच्याच सैन्यावर कोसळली. ही हकिगत तटाखाली उभे राहून सांगितली की सहा-सात वर्षांचे मूल उरलेली चढण तट पाहण्याच्या ओढीने चढते.

वेळेचा हिशेब घरीच करावा. प्रौढ माणसाला सपाटीवर ५ किलोमीटरला साधारण १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास लागतो. मुले बरोबर असतील तर येणारी बेरीज दुप्पट धरावी. म्हणजे ३ किलोमीटरची वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर मोठ्यांना सुमारे सव्वा तास पुरतो, मुलांसाठी मात्र अडीच तास हाताशी ठेवावेत. परतीची वेळही निघण्यापूर्वीच ठरवावी आणि ती झाली की माथा कितीही जवळ दिसत असला तरी मागे फिरावे. चालण्याचा वेग सर्वांत लहान मुलाचा असावा. एक मोठे माणूस पुढे, एक मागे आणि मुले मध्ये, ही रांग शक्यतो मोडू नये.

सामानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. महागड्या बुटांची गरज नसते, परंतु तळव्याला खोल खाचा असलेले आणि पायात नीट बसणारे बूट हवेत. नवे बूट आठवडाभर घरात वापरल्याशिवाय गडावर नेऊ नयेत. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी आणि एक जादा मोज्यांचा जोड घ्यावा. मुलाच्या पाठीवरचे ओझे त्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावे, पण स्वतःची लहान सॅक त्याला जरूर द्यावी. त्यात पाण्याची बाटली, गूळ-शेंगदाणे आणि गळ्यात अडकवता येईल अशी शिट्टी एवढे पुरे आहे. वाट चुकल्यास जिथे आहोत तिथेच थांबायचे आणि तीन-तीन वेळा शिट्टी वाजवायची, हा नियम घराच्या अंगणात खेळ म्हणून शिकवता येतो.

पाण्याच्या बाबतीत मुलांच्या तहानेवर विसंबून राहू नये. खेळात रमलेले मूल पाणी मागत नाही आणि मग एकदम डोके दुखू लागल्याचे सांगते. म्हणून दर वीस मिनिटांनी सर्वांनी थांबून चार-पाच घोट प्यावेत. १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली एक बाटली वेगळी ठेवावी, चमचा चहाचा असावा.

खरी काळजी उतरताना घ्यावी लागते. हिवाळा सरत आला की आपल्याकडच्या वाटांवर सुटा मुरूम साचतो आणि अशा घसाऱ्यावर मुले घाबरून मागे रेलतात; वजन टाचेवर गेले की पाय सुटतोच. मुलाला गुडघे किंचित वाकवून, पाऊल थोडे आडवे टाकून, लहान लहान पावले टाकायला शिकवावे. मोठ्या माणसाने त्याच्या खाली एक पाऊल आणि किंचित बाजूला राहावे, म्हणजे मूल घसरले तरी अडवता येते आणि आपला तोल जात नाही. मुलाचे मनगट धरून त्याला ओढत नेऊ नये, कारण त्याला तोलासाठी दोन्ही हात मोकळे लागतात. उतरायला लागण्यापूर्वी बुटांच्या नाड्या पुन्हा घट्ट बांधाव्यात. तसे न केल्यास बोटे पुढे आपटून नखे काळीनिळी होतात.

हंगाम ऑक्टोबरच्या अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा चांगला. पावसाळ्यात पायऱ्यांवर आणि कातळावर शेवाळ धरते, त्यामुळे लहान मुलांना त्या दिवसांत गडावर नेऊ नये. तटांच्या आणि कड्यांच्या कपारीत आग्यामोहोळ असते. तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा आणि दगड मारणे हे सर्व टाळावे. गवतातून जाताना काठी आपटत चालावे. सर्पदंश झालाच तर जखम कापू नये किंवा आवळून बांधू नये. मुलाला शांत ठेवून, दंश झालेला अवयव न हलवता, १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

अजिंक्यतारा सहज जमू लागला की परळीकडून पायऱ्यांनी सज्जनगड करावा. त्यानंतर नांदगिरीचा कल्याणगड मला मुलांसाठी विशेष योग्य वाटतो, कारण तेथील गुहेत पाण्यातून चालत आत गेल्यावर पार्श्वनाथांची मूर्ती दिसते. प्रत्येकाच्या हाती टॉर्च हवी, आणि पाण्याची खोली हंगामानुसार बदलत असल्याने मोठ्यांपैकी एकाने काठीने तळ चाचपत आधी आत जाऊन यावे. अंधाराला भिणाऱ्या मुलाला आत येण्याचा आग्रह करू नये. तोंडाशी त्याच्याबरोबर कोणीतरी थांबावे. वाईजवळचा कमळगड त्याच्याही पुढचा. तिथली गेरूच्या लाल मातीत खोदलेली, पायऱ्यांनी आत उतरता येणारी विहीर मुले विसरत नाहीत.

वासोटा या जंगलातल्या किल्ल्याची घाई मात्र करू नये. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडावा लागतो, वनविभागाची परवानगी लागते, आणि अभयारण्य असल्यामुळे संध्याकाळच्या आत परतावेच लागते. इथे मूल दमले म्हणून रेंगाळण्याची सोय नसते आणि मध्येच गाडी बोलावता येत नाही. जे मूल इतर गडांवर पाच-सहा तास स्वतःच्या पायांनी चालून संध्याकाळी हसतखेळत घरी आले आहे, आणि तेही एकदाच नव्हे, त्यालाच तिकडे न्यावे. साधारण दहाव्या वर्षापर्यंत थांबणे बरे. तोवर बामणोलीहून लाँचमध्ये बसून तापोळ्याकडे चक्कर मारावी आणि वासोट्याचा डोंगर पाण्यावरून दाखवावा.