ओम्नीचं इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन बघा

ओम्नी मिसिंग मारतेय (मधेमधे झटके खातेय), चढाला दम तोडतेय, म्हणून कुणी थेट ‘इंजिन काम’ सांगितलं, तर आधी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा काटा, लावायला सांगा. गेज न लावता हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवणं मला पटत नाही. गिऱ्हाइकाचा पैसा असतो तो.

७९६ सीसीच्या या इंजिनात तीन सिलिंडर. इंजिन आधी कोमट करून घ्या. प्लगांभोवतीची धूळ हवेनं उडवा, मगच तिन्ही प्लग काढा. कॉइलचं कनेक्शन सोडा, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, गॅसकिट असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. बॅटरी भरलेली हवी. गेज एकेका प्लगच्या जागी हातानंच आवळा. आता दुसऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायला सांगा. हे अ‍ॅक्सिलरेटर दाबणं बरेच जण विसरतात. मग हवा पुरेशी आत जात नाही आणि चांगलं इंजिनही कमी दाखवतं.

खरी गंमत काट्याच्या चालीत आहे. सिलिंडर निरोगी असेल तर पहिल्याच दाबाला काटा जोरात उडतो आणि चार-पाच दाबांत वर जाऊन थांबतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर हळूहळू, पायरी-पायरीनं चढतो. व्हॉल्व्ह गळत असेल तर खालीच अडकतो. आकड्यापेक्षा तिघांमधला फरक बघा: १६०, १५५ आणि ९५ पीएसआय (दाबाचं माप) आले, तर दुखणं तिसऱ्यात.

त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. जास्त ओतू नका. रीडिंग चांगलं वाढलं तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा). जागचं हललं नाही तर बहुधा व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर (हेडखालच्या पॅकिंगवर) संशय घ्या. आणि हा गेज डिझेल गाडीला लावू नका, तिथलं प्रेशर दुपटीहून जास्त असतं.

गॅसवर पळालेल्या ओम्नीत मी हेडला हात लावण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) बघतो. व्हॉल्व्हची सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. इंजिन थंड झाल्यावर फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट जुळवा आणि पुन्हा मोजा. काटा वर आला तर प्लग बसवून गाडी द्या. नाही आला, तर मात्र हेड उतरवून व्हॉल्व्ह आणि सीटचं काम करावं लागेल.