रतनगडाचं नेढं कागदात: कटिंग मशीनवर शॅडो बॉक्स

शॅडो बॉक्स म्हणजे कापलेल्या कागदांचे थर एकामागे एक लावून केलेलं खोल चौकटीतलं चित्र. ते शिकायला माझ्याकडे नाशिकला जे येतात, त्यांतले बरेच जण विकत घेतलेली मंडलाची, म्हणजे गोल नक्षीची, फाइल घेऊन येतात. मी ती बाजूला ठेवायला सांगते. कटिंग मशीन संगणकावर काढलेली कुणाचीही रेघ तितक्याच इमानाने ब्लेडने कापतं. मग भिंतीवर आपल्या पायाखालून गेलेला डोंगर का नसावा? शाळेत चित्रकला शिकवताना मुलांना मी हेच सांगायचे: जे नीट बघितलंय ते काढा.

माझा डोंगर रतनगड. त्याच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, तेच नेढं. नेढ्याचा कातळ म्हणजे शॅडो बॉक्सची तयार चौकट, म्हणून पहिल्या कामासाठी मी हेच चित्र सुचवते. नेढ्यातून बरोबर हेच दृश्य दिसतं असा माझा दावा नाही. गडावरून जे दिसतं ते आपण चौकटीत बसवतोय.

गडावरून उत्तरेकडे बघितलं की डावीकडून कुलंग, मदन, अलंग ही किल्ल्यांची रांग लागते. त्यांच्या उजव्या अंगाला मागे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उजवीकडे खाली भंडारदऱ्याचं पाणी. सकाळी जवळचा उतार काळपट दिसतो आणि कळसूबाई फिकी, कारण मधल्या हवेत प्रकाश विखुरतो. सगळी खोली या फिकेपणात आहे, आणि ती कागदाला फार छान जमते.

कशी, ते सांगते. सगळे थर एकाच पांढऱ्या कागदाचे कापायचे आणि मागून दिवा लावायचा. आकाशाच्या जागी फक्त बटर पेपर, कळसूबाईच्या जागी त्यापुढे एक कागद, अलंग-मदन-कुलंगच्या जागी दोन, त्यांच्या पुढच्या डोंगरधारेला तीन, जवळच्या उताराला चार आणि नेढ्याच्या कातळाला पाच, म्हणजे मागचे थर धरून. आकाशकंदिलात कागद जिथे दुहेरी होतो तिथे गडद दिसतो, तसंच इथे. रंगीत कागद लावला तर मागच्या थराचा रंग पुढच्यात मिसळून मळकट होतो. रंगीतच हवं असेल तर दिवा लावू नका, २५० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद घ्या आणि मागून पुढे फिकट ते गडद असा क्रम ठेवा. मला दिव्याचंच आवडतं.

दिव्याच्या बॉक्सला २०० जीएसएमचा पांढरा कागद पुरतो. चित्र १० बाय ८ इंच आडवं, म्हणजे २५४ बाय २०३ मिलिमीटर. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असल्याने कडेला जेमतेम साडेतीन मिलिमीटर उरतात आणि मशीनला तेवढी जागा पुरत नाही. १२ बाय १२ इंचाचे कागद घ्या. मशीन क्रिकट मेकर असो की सिल्हूट कॅमिओ, १२ इंची मॅटवर, म्हणजे कागद धरून ठेवणाऱ्या चिकट पाटीवर, ते नेमके बसतात.

आता रेखाटन, आणि वेळ इथेच द्यायचा. फोटो इंकस्केपमध्ये उघडा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आपोआप ट्रेस करू नका, त्यात कातळाचे शेकडो तुकडे पडतात. पेन टूलने प्रत्येक डोंगराची माथ्याची रेघ स्वतः काढा. ती रेघ खाली आणि दोन्ही बाजूंना न्या, आणि चारही कडांना १५ मिलिमीटरची पट्टी ठेवून युनियन करा, म्हणजे सगळे आकार जोडून एक करा. प्रत्येक थर एकसंध हवा. चौकटीला न जोडलेला पक्षी किंवा ढग कापताक्षणी गळून पडतो. कारवीच्या काड्या, झाडाची फांदी, काहीही दीड मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

नेढ्याच्या थराला मात्र १५ मिलिमीटर पुरणार नाहीत. भिंतीवरचं चित्र लोक बाजूनेही बघतात. थर एकामागे एक असल्याने ४५ अंशांतून बघणाऱ्याला मागच्या थराच्या कडेची पट्टी दिसू लागते. शेवटच्या थरापर्यंत साधारण १५ मिलिमीटर खोली आहे, म्हणून कडेच्या पट्टीच्या आत आणखी २० मिलिमीटर कातळ ठेवा. म्हणजे सगळीकडून किमान ३५. नेढ्याचं भोक जास्तीत जास्त १८४ बाय १३३ मिलिमीटर उरतं आणि तेवढं भरपूर आहे. त्याची कड गोल गुळगुळीत काढू नका. कातळ खडबडीतच दिसायला हवा.

भंडारदऱ्याचं पाणी हा सगळ्यात सुंदर भाग. पुढच्या धारेच्या थरात पाण्याचा आकार कापला की त्यातून मागचा डोंगर दिसतो, पाणी नाही. चमक हवी तर अलंग-मदन-कुलंग आणि कळसूबाईच्या थरांतही त्याच जागी भोक पाडा, प्रत्येक वेळी किंचित मोठं. मग उजेड थेट येतो.

फाइल एसव्हीजीमध्ये सेव्ह करा. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्यावर रुंदी २५४ मिलिमीटरच आहे ना, ते बघा; आयात करताना आकार बदलू शकतो.

कापताना कागद मॅटवर रोलरने दाबून बसवा, मीडियम कार्डस्टॉकचं सेटिंग निवडा आणि कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून बघा. तो सुईने अलगद सुटला पाहिजे. धागे राहत असतील तर दाब वाढवण्याआधी ब्लेडच्या टोकाला अडकलेला कागदाचा कण काढा. कापून झालं की मॅट उलटी धरून मॅटच वाकवा. कागद ओढला की तो गुंडाळतो आणि ती वळी नंतर दिव्यात दिसते. पावसाळ्यात कोरे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद पिशवीत सपाट ठेवा, कापलेले थर जाड पुस्तकाखाली.

थरांमध्ये ३ मिलिमीटर जाडीची पांढरी फोम टेप, अर्धा इंच रुंद. चारही कडांना सलग लावा, कोपऱ्यात फट राहिली तर तिथून उजेड गळतो. डोंगराच्या मध्यभागी आधाराला तुकडे चिकटवायचा मोह होतो, पण दिवा लागला की प्रत्येक तुकड्याची काळी सावली पडते. बिनदिव्याच्या बॉक्सला तो आधार खुशाल द्या. जोडणी मागून पुढे करा, आणि प्रत्येक थर चिकटवण्यापूर्वी आतली धूळ मऊ ब्रशने झटका.

फ्रेमवाल्याकडे जाण्याआधी हिशेब करा. बटर पेपर धरून सहा कागदांचे मिळून दीड मिलिमीटर, पाच फटींचे १५, दिव्यासाठी २०, मागच्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या) फळीचे ३. चाळिसाच्या आसपास होतात. आतून ४५ मिलिमीटर खोलीची बॉक्स फ्रेम सांगा. पाच व्होल्टची वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी मागच्या पोकळीत चारही भिंतींना, आतल्या बाजूला तोंड करून चिकटवा. बटर पेपरकडे तोंड केलं तर एकेक दिव्याचा ठिपका उमटतो. एमडीएफच्या आतल्या बाजूला पांढरा कागद लावा, उजेड एकसारखा पसरतो. वायरसाठी खालच्या कडेला खाच पाडून घ्या. साधा तापणारा बल्ब आत कधीच लावू नका.

टांगायला दोन हुक घ्या, एकाने फ्रेम तिरकी होते. पश्चिमेचं ऊन येणारी भिंत टाळा, पांढरा कागद तिथे पिवळा पडतो. जागा निवडताना जवळ प्लग पॉइंट आहे का तेही बघा.