ग्लुकोमीटर घेताय? आधी या चुका टाळा

भांडुप स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमचं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून मला एकवीस वर्षं झाली आणि त्यातली निदान पंधरा वर्षं मी एकच प्रश्न ऐकतेय: "ताई, सगळ्यात चांगलं शुगरचं मशीन कुठलं?" विचारणारा घाईत असतो. आदल्या दिवशी रिपोर्ट आलेला असतो, बाहेर रिक्षा थांबवलेली असते. मी विचारते, डॉक्टरांनी किती वेळा तपासायला सांगितलंय? इन्सुलिन आहे की गोळ्या? टोचणार कोण, तुम्ही की आई? उत्तर येतं, "ते बघू नंतर, आधी मशीन द्या."

ते 'नंतर' बहुतेक वेळा माझ्याच काउंटरवर येतं.

मशीनची किंमत बघणं, स्ट्रिपची न बघणं

मशीन एकदाच घ्यायचं असतं. स्ट्रिप, म्हणजे रक्ताचा थेंब लावायची पट्टी, दर वेळी नवी लागते आणि कंपनीची खरी कमाई तिथेच असते, म्हणून मशीन कधी निम्म्या किमतीत मिळतं, तर कधी शिबिरात फुकट वाटतात. एक स्ट्रिप २० रुपयांना पडली आणि दिवसातून दोनदा तपासलं, तर महिन्याला १२०० रुपये झाले, वर्षाला साडेचौदा हजारांच्या वर. मशीनवर वाचवलेले तीनशे रुपये पहिल्या आठ-दहा दिवसांतच संपले. मग काय होतं? माणूस 'आज बरं वाटतंय' म्हणत तपासणं सोडतो आणि मशीन फ्रिजवरच्या टोपलीत जाऊन पडतं.

माझा सल्ला उलटा असतो. आधी घराजवळच्या तीन दुकानांत जा आणि पन्नास स्ट्रिप्सची डबी कोणत्या मशीनची मिळते, केवढ्याला मिळते ते विचारा. तीनपैकी दोन ठिकाणी जी लगेच हातात मिळेल, तिचं मशीन घ्या. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे मला मान्य आहे. पण रविवारी रात्री आईला घाम फुटलाय आणि डबी रिकामी आहे, तेव्हा कुरियर येत नाही. ऑनलाइन घेतलीच तर एक्स्पायरी बघा, भरघोस सवलतीत कधीकधी दोनच महिने उरलेल्या डब्या येतात.

परदेशातून आलेलं मशीन

हा माझा खास राग, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एक काकू आल्या. साठी उलटलेल्या, नेहमीच्या गिऱ्हाईक. पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं मशीन काढलं. गणपतीला आलेल्या मुलीने लंडनहून आणलेलं. "याच्या स्ट्रिप्स संपल्या, एक डबी दे." मी मशीन उलटंपालटं करून पाहिलं. तसल्या स्ट्रिप्स आमच्याकडे काय, आमच्या होलसेलरकडेही नव्हत्या. तसं सांगितलं आणि सहज विचारलं, शुगर कशी आहे?

"एकदम कंट्रोलमध्ये!" म्हणाल्या आणि वही उघडून दाखवली. उपाशीपोटीचे आकडे, सुवाच्य अक्षरात, दोन महिन्यांचे: १२८, १३४, १२१, १३९. वहीला समासही आखलेला. मी मशीनची मेमरी उघडली, तर तिथे १२.८, १३.४, १२.१.

"काकू, यात टिंब आहे."

"असतं ते. चष्म्याशिवाय दिसतही नाही मला. मी लिहिताना सोडून देते."

ब्रिटनमध्ये रक्तातली साखर मिलिमोल प्रतिलिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो. म्हणजे काकूंचं १२.८ हे १२८ नव्हतं, २३० होतं. १३.४ म्हणजे २४१. आणि 'कंट्रोलमध्ये आहे' म्हणून रात्रीची गोळी त्यांनी स्वतःच्या मनाने अर्धी केली होती. त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट (एचबीए१सी, तो टक्क्यांत असतो) साडेनऊच्या आसपास आला. लंडनला फोन लागला, मुलगी रडली. तिची काय चूक? तिने आपल्या आईसाठी दुकानातलं चांगल्यातलं चांगलं मशीन घेतलं होतं.

"मग १८ ने गुणत जाऊ का?" असं काकांनी दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं. नाही. पहाटे सहाला चहाआधी कुणी गुणाकार करू नये. सेटिंग बदलून भागेल असंही नाही, कारण बहुतेक मशीनमध्ये हे माप कारखान्यातच पक्कं केलेलं असतं. अमेरिकेतून आलेल्या मशीनचं माप आपल्यासारखंच असतं, पण स्ट्रिप्सचं रडगाणं तेच. मुलाबाळांना काही आणायचंच असेल तर चॉकलेटं आणू देत, नातवंडांसाठी.

स्ट्रिपची डबी उघडी ठेवणं

हा दुसरा राग. मुंबईत राहणाऱ्याने तरी ही चूक करू नये.

स्ट्रिपच्या टोकाला वाळवलेलं एन्झाइम असतं. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होते, बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि मशीन त्यावरून आकडा काढतं. त्या एन्झाइमला दमट हवा लागली की ते बिघडायला लागतं. म्हणूनच डबीच्या झाकणात किंवा आतल्या भिंतीत ओलावा शोषणारा पदार्थ बसवलेला असतो आणि झाकण एवढं घट्ट असतं. आपल्याकडे जुलैत चपला कपाटात बुरसतात, मिठाच्या बरणीत तांदूळ टाकावे लागतात. अशा हवेत लोक डबीचं झाकण उघडं टाकून आधी बोट टोचायला बसतात.

एका सोसायटीतल्या दोन जावा पन्नासच्या डबीत भागीदारी करायच्या. मशीनं दोघींची एकाच कंपनीची, तेव्हा डबी एक आणि पैसे अर्धे. कल्पना वाईट नाही. फक्त धाकटीने तिच्या वाट्याच्या पंचवीस स्ट्रिप्स हिंगाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवल्या होत्या, स्वयंपाकघरात, गॅसशेजारच्या फळीवर. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या मशीनवर कधी एरर, कधी १९०, कधी १०५. एके सकाळी ६१ दाखवलं. साखर फार उतरली म्हणून घाबरून तिने तीन चमचे साखर खाल्ली आणि तशीच रिक्षाने माझ्याकडे आली. घाम नाही, थरथर नाही, उलट रिक्षावाल्याने सुटे दिले नाहीत म्हणून तावातावाने बोलत होती. नव्या डबीतली स्ट्रिप लावली तर १८८. साखरेआधी खरा आकडा किती होता ते आता कळायला मार्ग नाही, पण ६१ नक्कीच नसणार.

आता माझ्या सवयी सांगते. स्ट्रिप काढायची, झाकण लगेच दाबून लावायचं, मगच टोचायचं. डबी उघडली त्या दिवशीच तिच्यावर मार्करने तारीख घालायची. उघडल्यावर काही कंपन्यांच्या स्ट्रिप्स तीन महिने चालतात, काहींच्या सहा, आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. आठवड्यातून दोनदाच तपासणाऱ्याने पन्नासची डबी घेऊच नये, ती संपायला सहा महिने लागतील, पंचवीसची घ्यावी. डबी फ्रिजमध्ये नको आणि गॅसजवळही नको. बहुतेक कंपन्या ३० अंशांच्या आत ठेवायला सांगतात आणि मे महिन्यातलं आपलं स्वयंपाकघर तेवढ्यावर थांबत नाही. बेडरूममधलं कपाट बरं.

शंका आली तर कंट्रोल सोल्युशन नावाची छोटी बाटली मिळते. रक्ताऐवजी तिचा थेंब लावायचा, आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला की स्ट्रिप आणि मशीन ठीक. बरीच दुकानं ठेवत नाहीत, मागवून देतात. मागा.

लॅबशी भांडण

"मशीन १६२ दाखवतं, लॅब १४८. तुमचं मशीन खोटं." आठवड्यातून एकदा तरी हे ऐकावं लागतं.

आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, २०१३ सालचं. त्यानुसार साखर १०० किंवा अधिक असेल तर १०० पैकी ९५ आकडे लॅबच्या १५ टक्क्यांच्या आत यायला हवेत, आणि १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर २०० असेल तर १७० ते २३० मधलं काहीही मशीनच्या दृष्टीने बरोबरच. लागोपाठ तीनदा टोचून १४२, १५१, १३८ आलं, तर तो एकच आकडा समजा आणि बोटाला विश्रांती द्या. खरेदी करताना खोक्यावर या मानकाचा उल्लेख शोधा, ब्लूटूथचा नंतर.

शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्यापेक्षा साखर जास्त असते, त्यामुळे जेवणानंतरच्या तुलनेला अर्थ नाही. लॅबचा आकडाही देववाणी नव्हे. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा आणखी आठ घरं फिरतो आणि साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला ५ ते ७ टक्के घटत जाते, कारण रक्तपेशी ती खात राहतात. म्हणून शुगरसाठी फ्लोराइडची, करड्या बुचाची नळी वापरतात. ती आहे का, हे विचारायला लाजू नका. तुलना करायचीच असेल तर मशीन घेऊन लॅबमध्येच जा, उपाशीपोटी, आणि शिरेतून रक्त काढल्यावर पाच मिनिटांत स्वतःचं बोट टोचा.

बाकीच्या, थोडक्यात

हात न धुता टोचणं. मे महिन्यात शेजारचे दादा ३१० आकडा घेऊन धावत आले. बोटांना हापूसचा वास येत होता. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासलं, १४८. सॅनिटायझरने फळाची साखर नीट जात नाही, पाणीच हवं.

बोट पिळून पिळून रक्त काढणं. हात खाली सोडा, कोमट पाण्याने धुवा, बोटाच्या कडेला टोचा.

जेवणानंतरचे दोन तास शेवटच्या घासापासून मोजणं. पहिल्या घासापासून मोजायचे असतात.

तारीख-वेळ न लावणं. मग मेमरीत सकाळची साखर रात्री अडीचला दिसते आणि डॉक्टर कपाळाला हात लावतात.

आई-बाबांसाठी घेताना स्वतःच्या डोळ्यांनी निवडणं. त्यांना दुकानात आणा, चष्मा काढून आकडा वाचायला सांगा, स्ट्रिप त्यांच्याच हाताने घालायला लावा. हात थरथरत असेल तर रुंद स्ट्रिप बरी.

रक्त कमी असणाऱ्यांनी मशीनवर डोळे मिटून विश्वास ठेवणं. हिमोग्लोबिन फार खाली गेलं की काही मशीन साखर खरीपेक्षा जास्त दाखवतात. पोटातून डायलिसिस चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा: त्यातल्या काही द्रावणांमुळे विशिष्ट प्रकारच्या स्ट्रिप्स खोटा मोठा आकडा दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेततं.

न टोचता साखर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर सांगितलंय की असल्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर ही वेगळी गोष्ट. त्याची बारीक तार त्वचेखाली जाते, तो खरा असतो आणि महागही.

घरात दोघांत मिळून बोट टोचायचं पेन एकच असणं. सुई बदलली तरी नाही. पेनच्या टोकाला रक्त लागतं आणि त्यातून काविळीचा विषाणू पसरू शकतो. नवरा-बायकोतही नाही. पेन दोनशे रुपयांच्या आत येतं, यावर माझ्याशी वाद घालू नका.

आणि वापरलेल्या सुया सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकणं. आमच्या गल्लीत कचरा वेगळा करणाऱ्या मावशींच्या तळहातात अशीच एक घुसली. मी जाड प्लास्टिकची रिकामी बाटली देते, फिनेलची वगैरे. ती भरली की झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी फिरवायची आणि मोठ्या अक्षरात 'सुया' लिहून गाडीवाल्याच्या हातात वेगळी द्यायची.