काढा सांगायचा राहिला: फुफ्फुसाच्या कर्करोगात पूरक काळजी घेताना या चुका टाळा

कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी परिचारिका म्हणून मी सोळा वर्षे काम करते आहे. मुख्य उपचारांना आहार, हलका योग, समुपदेशन, अगदी आयुर्वेदाची जोड द्यायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो लपवाछपवीला, कारण मी पाहिलेल्या गोंधळांपैकी निम्म्याहून अधिक गोंधळ कोणीतरी काहीतरी न सांगितल्यामुळे झालेले आहेत.

सर्वात मोठी चूक काढ्याची. एक निवृत्त शिक्षक जेफिटिनिब या फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या रोजच्या गोळीवर होते आणि दोन महिन्यांत त्यांचा खोकला बराच उतरला होता. तिसऱ्या महिन्यात रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाल्याचे दाखवणारे प्रमाण, अनेक पटींनी वाढलेले आढळले. ही गोळी स्वतःच यकृताला त्रास देऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी ती थांबवली. मी भेटीला गेले तेव्हा हात धुवायला स्वयंपाकघरात शिरले, तर ओट्यावर गुळवेलीच्या काढ्याचे पातेले, शेजारी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि कसल्याशा प्रतिकारशक्तीवर्धक चूर्णाचा डबा. सुनेला विचारले, तेव्हा ती अगदी निरागसपणे म्हणाली, ‘ताई, डॉक्टरांनी औषधं कोणती चालू आहेत एवढंच विचारलं होतं. हे तर घरचंच आहे.’

तिचे काही चुकले असे मला वाटत नाही. आपल्याकडे काढा औषधात मोजतच नाहीत. सगळे बंद केल्यावर तपासण्या हळूहळू सुधारल्या आणि गोळी पुन्हा सुरू झाली, पण मधले तीन आठवडे वाया गेले आणि दोष गोळीचा होता की गुळवेलीचा, हे शेवटपर्यंत कोणालाच सांगता आले नाही. सरमिसळीचा खरा तोटा हाच आहे. गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला ती मान्य नव्हती. वाद काहीही असो, यकृतावर ताण आणणारी गोळी चालू असताना हा प्रयोग स्वतःच्या अंगावर करू नये, एवढे तरी पटायला हरकत नसावी. तीच गोष्ट रोज उपाशीपोटी घेतल्या जाणाऱ्या पित्ताच्या गोळीची: पोटातील आम्लता कमी झाली की जेफिटिनिब आणि तिच्यासारखीच एर्लोटिनिब या गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत, आणि ही गोळी चालू असल्याचे सांगणे रुग्णाला सुचतही नाही.

यावर माझी सवय साधी आहे. मी ‘औषधे कोणती घेता’ असे विचारतच नाही. ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जाते’ असे विचारते आणि एका कापडी पिशवीत डबे, बाटल्या, पुड्या सगळे भरून पुढच्या तपासणीला न्यायला लावते. डॉक्टर रागावतील ही भीती असते, रागावू देत.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचाही असाच भाबडेपणा. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 1994 मध्ये आले, तेव्हा बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण 18 टक्क्यांनी अधिक निघाले. गाजराची कोशिंबीर खुशाल खावी, प्रश्न गोळ्यांचा आहे. गंमत अशी, की गोळ्यांची हौस असलेली हीच घरे पेमेट्रेक्सेडसोबत लिहून दिलेली फॉलिक अॅसिडची स्वस्त गोळी ‘नुसती व्हिटॅमिनची’ म्हणून बंद करतात. ती आणि बी-12 चे इंजेक्शन या केमोथेरपीचे दुष्परिणाम आटोक्यात ठेवण्यासाठीच असतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, विभागाचे नाव काढताच ‘एवढ्यात नको’ म्हणणे. बोस्टनमध्ये पसरलेला फुफ्फुसाचा कर्करोग असलेल्या 151 रुग्णांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर लगेच ही सेवा मिळालेल्यांचे दिवस अधिक बरे गेले, नैराश्य कमी राहिले आणि मध्यम आयुर्मान 8.9 ऐवजी 11.6 महिने आढळले. तरीही नातेवाईक मॉर्फिनची चिठ्ठी खिशात घडी करून ठेवतात आणि रुग्ण रात्रभर खिडकीशी बसून धापा टाकतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या लहान मात्रेतले मॉर्फिन वेदना कमी करते, काहींची धाप लागल्याची घुसमटही कमी करू शकते, आणि अशा देखरेखीत व्यसन लागण्याची भीती फारच वाढवून सांगितलेली असते. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. तेवढे विसरल्यामुळे मॉर्फिन सोडून दिलेली माणसे मी पाहिली आहेत.

धाप लागली की लगेच भाड्याने ऑक्सिजनचे यंत्र आणण्याचीही घाई नको. रक्तातील ऑक्सिजन पुरेसा असेल, तर चेहऱ्यावर, विशेषतः नाकाशी आणि गालांवर सोडलेला पंख्याचा वाराही तेवढाच आराम देऊ शकतो. माझ्या पिशवीत बॅटरीवर चालणारा हातपंखा कायम असतो. टेबलावर कोपरे टेकून पुढे झुकून बसावे आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडावा. हे आधी आठवडाभर शांतपणे गिरवावे लागते, पण फोनवरचा व्हिडिओ पाहून पहिल्याच दिवशी कपालभाती आणि भस्त्रिका करणाऱ्यांना एवढा धीर कुठून असणार! फुफ्फुसाभोवती पाणी साचलेल्या माणसाने असे जोरकस प्राणायाम परस्पर करू नयेत.

रोग हाडांत पसरला असेल, तर पाठ रगडून मालिश करून घेऊ नये. हलक्या हाताने पाय चेपले तर चालतात.

साखर, दूध, अंडी एकदम बंद करून गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो.

‘आता सोडून काय उपयोग’ म्हणत बिडी किंवा मशेरी चालू ठेवू नये. निदानानंतर सोडल्याचाही फायदा होतो.

आणि केमोथेरपी चालू असताना ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना काही तासांचाही उशीर जिवावर बेततो. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाचा क्रमांक मी स्वतः मार्करने फ्रिजच्या दारावर लिहून ठेवते. दार खराब झाले म्हणून आजवर एकाही घराने तक्रार केलेली नाही.