वळलेलं पाऊल उशिरा दाखवलं, तर काय करायचं

मी बाळांच्या पायांना प्लास्टर घालते. क्लबफूट, म्हणजे जन्मतःच आत वळलेलं पाऊल, असलेलं बाळ जन्मल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत आलं, तर काम सोपं. पण बरीचशी येतात ती उभी राहायला, चालायला लागल्यावर. घरी कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘मालिश करा, होईल सरळ.’ म्हणून पाऊल आधी हातात घेऊन अलगद फिरवा. सहज सरळ आलं, तर ते आईच्या पोटात दुमडून राहिलेलं पाऊल, त्याची काळजी नाही. अडलं आणि टाच वरच ओढलेली राहिली, तर तो क्लबफूट. मालिशने तो सुटत नाही.

‘उशीर झाला, आता मोठं ऑपरेशनच’ असं आईवडिलांना परस्पर सांगू नका. चालणाऱ्या मुलालाही पोन्सेटी पद्धत, म्हणजे दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल थोडंथोडं सरळ आणणं, लागू पडते. प्लास्टर जास्त लागतात.

पहिल्या प्लास्टरला पाऊल बाहेर पिळायचा मोह होतो. तो टाळाच, नाहीतर तळव्याची कमान आणखी खोल जाते. आधी अंगठ्याकडची बाजू वर उचला. कमान सैलावली की पुढच्या वेळेपासून घोट्यापुढे बाहेरच्या अंगाला, टॅलस हाडाच्या डोक्यावर अंगठा टेकवून पाऊल हळूहळू बाहेर न्या. टाचेला हात लावू नका, ती मागोमाग येते. प्लास्टर मांडीपर्यंत हवं, गुडघा काटकोनात. आखूड प्लास्टर निसटतं. बोटं उघडी ठेवा. दाबून सोडल्यावर बोटाचा रंग लगेच परतला पाहिजे. बोटं निळी पडली किंवा आत गेली, तर प्लास्टर त्याच दिवशी काढा.

दर आठवड्याला येणं ज्यांना झेपत नाही, त्यांना जवळ मुक्काम करता येतो का ते विचारा. आफ्रिकेतल्या मलावीत आठवड्याला तीनदा प्लास्टर बदलूनही पाय तितकेच सुधारले. तिथे हे काम डॉक्टर नसलेले प्रशिक्षित कर्मचारीही करतात.

शेवटी टाच खाली आली नाही, तर डॉक्टर अ‍ॅकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची जाड दोरी, बारीक छेद घेऊन सोडवतात. मग 3 आठवडे प्लास्टर.

आणि ब्रेस, म्हणजे प्लास्टरनंतर घालायचे, दांडीने जोडलेले दोन बूट. पाय छान दिसू लागला की घरचे ब्रेस काढून ठेवतात, आणि पाऊल पुन्हा वळतं. माझा जीव इथेच सर्वांत जास्त तुटतो. तान्ह्याला पहिले 3 महिने दिवसाचे 23 तास, मग 4-5 वर्षांचं होईपर्यंत रोज झोपताना. बाळ रडलं, तर आईला दोन्ही गुडघे एकत्र वाकवून-सरळ करून खेळवायला शिकवा. फोड आला, तर बहुधा टाच बुटात खाली बसलेली नसते: मधला पट्टा घट्ट करा आणि बूट पुन्हा घाला.